चित्रपटातील जोडकाम



चित्रपटावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटसभांत झाले. परंतु विषयाचे नावच आमच्या ओळखीचे निघाले. 'मोंताज' हा जो फ्रेंच शब्द चित्रपटशास्त्रात रूढ आहे, त्याचा साधा अर्थ सुटे भाग जोडून यंत्र उभे करणे असा आहे. म्हणजे आमच्या फिटरचेच काम! ज्याचे आयुष्य फिटरांच्या संगतीत गेले, त्याने या जोडकामावर दोन शब्द बोलले तर ते अगदीच आगंतुकपणाचे ठरू नये.

कॅमेरा जे टिपतो तो केवळ एक तुकडा असतो. दोन तासांच्या चित्रपटात असे शेकडो, कधी हजाराहून अधिक तुकडे असतात. कोणता तुकडा ठेवायचा, किती ठेवायचा आणि कशाच्या पाठीमागे ठेवायचा, हे ठरविणे म्हणजे संकलन. आपण पडद्यावर तुकडे पाहतो; गोष्ट मात्र दोन तुकड्यांच्या सांध्यात तयार होते, आणि सांधा तर दिसत नाही.

1917 च्या क्रांतीनंतर रशियात कच्च्या फिल्मचा दुष्काळ पडला. नवे चित्रण करावे तर फिल्म नाही. तेव्हा मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुनेच तुकडे निरनिराळ्या क्रमाने जोडून पाहू लागले. मोझ्झुखिन नावाच्या नामवंत नटाचा एक निर्विकार चेहरा त्यांनी घेतला. त्याच्यापुढे एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटीतील स्त्री आणि एकदा खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी मुलगी. पुडोव्हकिन हा त्या मंडळींपैकीच एक. तो लिहितो की प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. भुकेची व्याकुळता काय, शोक काय, वात्सल्य काय! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. मूळ चित्रफीत आज उरलेली नाही आणि निरनिराळ्या वर्णनांत थोडा फरकही आहे. पण तत्त्व पुढे असंख्य चित्रपटांत खरे ठरले.

याच तत्त्वावर सर्गेई आयझेनस्टाइनने 1925 साली 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये दगडी सिंह उठवून बसविला. क्रिमियातील एका राजवाड्याच्या पायऱ्यांवर तीन वेगवेगळे पुतळे आहेत : एक झोपलेला, एक जागा होणारा, एक उठलेला. तिघांचे तीन छोटे तुकडे लागोपाठ जोडले आणि युद्धनौकेच्या तोफा गरजताच जणू दगडच खवळून उठला. त्याच चित्रपटातील ओडेसाच्या पायऱ्यांवरची कत्तल जगप्रसिद्ध आहे. सैनिकांना तो जिना उतरायला जितका वेळ लागावा, त्याहून कितीतरी अधिक वेळ ते पडद्यावर उतरतच राहतात. मध्ये आई येते, फुटलेला चष्मा येतो, घसरत जाणारी बाबागाडी येते. 1905 साली ओडेसा शहरात गोळीबार होऊन माणसे मेली हे खरे. पण पायऱ्यांवर दिसते तशी कत्तल घडलेली नाही. ती संकलनाच्या टेबलावर घडली. आज पुष्कळांना तोच इतिहास वाटतो. आमच्या बाजूच्या चित्रपटाबद्दल हे बोलताना जीभ जरा अडखळते, परंतु बोलले पाहिजे.

आमच्या अधिक जिव्हाळ्याचा चित्रपट म्हणजे त्याच आयझेनस्टाइनचा आदला 'संप'. चोरीचा खोटा आळ आलेला एक कामगार गळफास घेतो आणि कारखाना बंद पडतो. भागधारक मालक आरामखुर्चीत बसून यंत्रात लिंबू पिळतात. लगेच पुढच्या तुकड्यात घोडेस्वार पोलीस कामगारांना चहूकडून दाबत आणतात. लिंबू आणि कामगार एका जागी कधीच नसतात. त्यांना एकत्र आणतो तो सांधा. शेवटी कामगारांवर गोळीबार होतो, आणि त्याच्या मधेमधे कत्तलखान्यात कापल्या जाणाऱ्या बैलाचे तुकडे जोडलेले आहेत.

या बैलाविषयी आयझेनस्टाइनने पुढे मोठी प्रांजळ कबुली दिली. कामगारांवर त्या दृश्याचा अपेक्षित परिणाम होत नाही, कारण बैलाच्या रक्तावरून त्यांना कत्तलखान्याशेजारचे कारखाने आठवतात. आणि शेतकरी तर स्वतःच जनावर कापतो, त्याला त्याचे काहीच वाटत नाही. आम्ही हे वाचले होते, म्हणून आमच्या युनियनच्या कार्यालयात हा चित्रपट दाखविला तेव्हा पडद्यापेक्षा मंडळींकडेच अधिक पाहत होतो. निम्मी माणसे सातारा-सांगलीकडची, घरी बेंदराला बैलाची शिंगे रंगविणारी. बैलाच्या मानेवर सुरी आली आणि एक वयस्क गृहस्थ उठून बाहेर गेले. आम्ही मागोमाग गेलो. ते म्हणाले, "साहेब, माणसं मारलेली बघवली. ते नाही बघवलं." म्हणजे सांध्याचा निम्मा माल प्रेक्षक स्वतःच्या घरून आणतो. मॉस्कोत फसलेला सांधा आमच्याकडे फार जोराने बसला. इतका की माणसे बाजूला राहिली आणि बैलच लक्षात राहिला.

जाता जाता एक गोष्ट. हे काम करणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ होते. एस्फिर शूब या बाईने झारच्या काळातील जुन्या फिती शोधून 1927 साली त्यांतून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाचा चित्रपट जोडला. आयझेनस्टाइननेही हे काम तिच्या टेबलाशी बसून पाहिले होते. पाटीवर नाव मोठे झाले ते दिग्दर्शकाचे. कारखान्यात तरी वेगळे काय असते!

आता टेबल, कात्री, डिंक गेले. संकलन प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या गेटवर झटापट झाली. दुसऱ्या दिवशी चाळीस सेकंदांची चित्रफीत गावभर फिरली : आधी कामगार दगड उचलतो, मग रखवालदारांची लाठी चालते. तुकडे दोन्ही खरे होते. दोन कामगार निलंबित झाले. चौकशीत आमच्याकडे पुरावा काय, तर तीच चित्रफीत. आम्ही ती रात्रभर पुन्हापुन्हा पाहिली. गेटच्या माथ्यावर घड्याळ आहे. दगडाच्या तुकड्यात काटा नऊ वाजून बारा मिनिटांवर होता आणि त्याच्या नंतर दाखविलेल्या लाठीच्या तुकड्यात नऊ वाजून सात मिनिटांवर. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले आणि मूळ, न कापलेले चित्रण हजर करण्यास सांगितले. ते अद्याप आलेले नाही. पुढची तारीख येत्या सोमवारची आहे.