चाकोरीतच बरं

चाकोरी सोडणाऱ्याचं आपल्याला कौतुक. पण फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या दलदलीत चाकोरी सोडणारा गाडीवाला जमीनच मोडतो. इथली नदी बिनकाठाची. पावसाळ्यात पाण्याचा पसरट थर नैऋत्येला समुद्राकडे सरकतो आणि उतार किलोमीटरमागे जेमतेम तीनेक सेंटीमीटर. अशा ठिकाणी वीतभर खोल चाकोरी म्हणजे पाटच. पाणी पसरायचं सोडून त्यातून धावतं. खाली चुनखडीचा कातळ, वर मातीचा पातळ थर. तो उखडला की वर्षानुवर्षं भरून येत नाही. टायरच्या चिखलातून परक्या वनस्पतींचं बीही आत पोचतं.

मोठ्या चाकांच्या, घरीच जोडलेल्या ‘स्वॅम्प बगी’ घेऊन शिकारी इथे कित्येक पिढ्या हिंडत आले. १९७४ साली हा प्रदेश राखीव झाला, तेव्हा शिकार आणि गाड्या दोन्हींना जागा ठेवली गेली. पुढे मोजदाद झाली तेव्हा चाकांच्या वाटा निघाल्या सुमारे ३७,००० किलोमीटर, पृथ्वीप्रदक्षिणेला थोड्याच कमी! राखीव क्षेत्र मात्र तीन हजार चौरस किलोमीटरही नाही. यात कुणाचा खोडसाळपणाच हवा असं नाही. जुन्या चाकोरीत चिखल झाला की मागचा बाजूने गाडी घालतो, त्याच्या मागचा आणखी बाजूने. म्हणून २००० सालच्या आराखड्याने मुख्य वाटा ६४० किलोमीटरवर आणल्या, परवान्यांना वर्षाला २,००० ची मर्यादा घातली आणि वर्षातले साठ दिवस गाड्या बंद ठेवल्या.

शिकारी म्हणतात, खरं नुकसान कालव्यांनी आणि १९२८ च्या टामियामी महामार्गाने केलं. ते खरंच आहे, आणि १९६८ साली इथे बांधकाम सुरू झालेल्या अवाढव्य विमानतळाला विरोध करणाऱ्यांत शिकारीही होते, तेव्हा त्यांचा जिव्हाळा नाकारता येणार नाही. पण महामार्गाने पाणी अडवलं म्हणून चाकांनी ते वळवावं, हा हिशेब जुळत नाही. मग गाड्या सरसकट बंदच का करू नयेत? कारण राखीव क्षेत्र उभं राहिलं तेच शिकाऱ्यांना सामावून घेण्याच्या बोलीवर. बोली मोडली तर पुढच्या विमानतळाच्या वेळी त्यांनी का यावं? आखलेली वाट शिकारी आणि बंदी मागणारे, दोघांनाही थोडी जाचते, म्हणूनच मला ती पटते. वाट नेमकी कुठून न्यायची, हा गुंता मात्र राहतोच. पाण्याला जपायचं तर ती पाइनच्या उंचवट्यांवरून हवी. हे उंचवटे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडेसेच वर, आणि फ्लोरिडा पँथरला आसऱ्यासाठी लागतात त्याही अशाच कोरड्या, झाडीच्या जागा.