सातबारा उतारा : इतिहास व वर्तमान

महाराष्ट्र राज्यात शेतजमिनीचा भोगवटा, तीवरील इतर हक्क व बोजे आणि तीत घेतलेली पिके यांची नोंद दर्शविणारा ग्राम महसुली अभिलेख. गाव नमुना क्रमांक ७ (अधिकार अभिलेख पत्रक) व गाव नमुना क्रमांक १२ (पिकांची नोंदवही) हे दोन नमुने एकाच कागदावर एकत्र देण्यात येतात. त्यावरून ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले. सामान्य शेतकरी त्यास मालकीचा पुरावा समजतो. वस्तुतः हा कागद एका वेळी, एका हेतूने तयार झालेला नाही. त्यातील रकाने निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या गरजांपोटी पडत गेले आणि जुन्या रकान्यांचा मूळ हेतू नाहीसा झाल्यावरही ते टिकून राहिले. त्यामुळे त्यातील ‘पोटखराब’, ‘भोगवटादार वर्ग २’, ‘ए. कु. मॅ.’ यांसारख्या संज्ञांचा उलगडा केवळ चालू कायदा वाचून होत नाही; त्यांचा इतिहास पाहावा लागतो.

मराठा अंमलात जमीनधारकांचे मुख्यतः दोन वर्ग होते : वंशपरंपरागत हक्क असलेले मिरासदार आणि काही काळापुरती जमीन कसणारे उपरी. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे तसेच महार, रामोशी आदी सेवक यांच्याकडे वतनी जमिनी असत. पेशवाईचा शेवट झाल्यावर (१८१८) मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने ही व्यवस्था एकदम मोडली नाही. मात्र सरकारी सारा प्रत्यक्ष शेतकऱ्याकडून घेण्याचे धोरण हळूहळू ठरत गेले. आर. के. प्रिंगल याने केलेल्या पहिल्या पाहणीत निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरण्यात आला. तो १८३० च्या सुमारास लागू झाला आणि थोड्याच वर्षांत पुणे जिल्ह्यातील अनेक जमिनी ओस पडल्या.

या अपयशातून इंदापूर तालुक्यात एच. ई. गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी पाहणी हाती घेतली. तीत शेताचा क्षेत्रांक (सर्व्हे नंबर) हे आकारणीचे एकक मानले गेले आणि सारा ३० वर्षांसाठी कायम करण्यात आला. या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले व १८६५ च्या कायद्याने त्यांस वैधानिक आधार मिळाला. ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे आजही व्यवहारात असलेले कोष्टक या पाहणीतूनच रूढ झाले. आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात, पण एक आर (सु. १,०७६ चौ. फूट) गुंठ्याच्या इतका जवळ आहे की, बोलण्यात लोक त्यास गुंठाच म्हणतात. मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग करण्यात आले आणि उत्तम जमीन १६ आणे धरून बाकीच्यांची प्रत आण्यांत मोजण्यात आली. शेतातील ओढा, खडक, वाट असा लागवडीस निरुपयोगी भाग साऱ्यातून वगळला जाई. तोच आजचा ‘पोटखराब’.

या सर्व मोजणीचा हेतू साऱ्याची निश्चिती हा होता. शेताचा मालक कोण, यापेक्षा साऱ्यास जबाबदार कोण, हा सरकारपुढील प्रश्न होता आणि ज्याचे नाव खात्यावर तो खातेदार, एवढ्यावर भागत असे. त्याचबरोबर खातेदाराचा भोगवटा वारसाने मिळणारा व हस्तांतरणीय ठरला. तो गहाण पडू लागला, विकता येऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. पुढे भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर व लगतच्या तालुक्यांतील सारा फेरआकारणीने वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे व दस्त शोधून जाळले. कागदच आपली जमीन घेऊन जातो, हे शेतकऱ्यांनी नेमके ओळखले होते. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (१८७९) हे या दंग्यांचे फलित होय.

जमिनी सावकारांकडे जाण्याचे थांबावे म्हणून १९०१ मध्ये जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करण्यात आली आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित न करता येणाऱ्या भोगवट्याचा प्रकार निर्माण झाला. शेतकऱ्याची पत यामुळे नष्ट होईल, असा आक्षेप घेऊन फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृतींनी मुंबई विधिमंडळातून सभात्याग केला. दोन्ही बाजूंस तथ्य होते. ‘नवी शर्त’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार पुढे अनेक कायद्यांनी उचलला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यात तो ‘भोगवटादार वर्ग २’ या नावाने स्थिरावला.

जमिनीवरील सर्व प्रकारच्या हक्कांची नोंद करणारा अधिकार अभिलेख १९०३ च्या कायद्याने सुरू झाला व १९१३ मध्ये तो संहितेत समाविष्ट झाला. आजचा सातवा नमुना हा त्याचा वारस आणि फेरफारांची सहावी नोंदवही त्याची सोबतीण. अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, एवढेच कायदा म्हणतो. हक्क खरेदीखत, वारसा, वाटप किंवा न्यायालयीन हुकूम यांतून निर्माण होतो. नोंद तो निर्माण करीत नाही. असंख्य दिवाण्या दाव्यांचे मूळ या भेदाच्या अज्ञानात आहे.

वतनी जमिनींची कथा अधिक कष्टप्रद आहे. गावकामगार महाराने निरोप पोहोचवावे, सीमा राखाव्या, सरकारी कामांसाठी केव्हाही हजर व्हावे आणि त्याबदली तुटपुंजी जमीन व बलुते घ्यावे, अशी रीत होती. १८७४ च्या वतन कायद्याने ही जमीन सेवेला जखडून ठेवली. जमीन सोडवत नाही म्हणून चाकरी सुटत नाही, अशी ही कोंडी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये विधेयकाद्वारे मांडली. ते विधेयक संमत झाले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये संमत होऊन १ ऑगस्ट १९५९ पासून अंमलात आला. चाकरी संपली, जमिनी साऱ्याच्या ठराविक पटीची रक्कम घेऊन पूर्वीच्या धारकांस परत देण्यात आल्या, परंतु नव्या शर्तीवर. हे बंधन संरक्षणार्थ होते. तथापि पुढे शहरे वाढून भाव चढल्यावर परवानगीविना झालेली अनेक हस्तांतरणे वादग्रस्त ठरली आणि खऱ्या धारकाच्या वारसांना उताऱ्यावरील त्या एका शब्दाचा अर्थ पुष्कळदा उशिरा कळला.

कुळांच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व याहून निर्णायक ठरले. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ज्याचे नाव पिकाच्या नोंदीत होते त्यास हक्क शाबीत करणे सुकर झाले. तोंडी करारावर वर्षानुवर्षे राबलेल्यांचे पुष्कळदा हात रिकामे राहिले. ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) ही नोंदही अशीच. साऱ्यास एकच जबाबदार माणूस असावा म्हणून थोरल्या भावाचे नाव लागे. त्याच्या मुलांनी ते स्वतंत्र मालकीचे मानले, तर धाकट्या भावांच्या व बहिणींच्या वंशजांना नाते सिद्ध करीत बसावे लागते.

ही परंपरा सर्व राज्यात सारखी नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, नागपूर भागात मालगुजारी होती, तर वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी होती. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने संपली. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलात असलेल्या गोव्यात तर अभिलेखाचे नावच वेगळे. तेथे ‘एक-चौदा’चा उतारा काढतात.

विंगेटच्या आणेवारीचा प्रतिध्वनी दुष्काळाच्या व्यवहारात दीर्घकाळ ऐकू येत राहिला. पिकाचा अंदाज रुपयात किती आणे, असा करीत. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर ‘आणेवारी’ची ‘पैसेवारी’ झाली आणि ५० पैशांहून कमी पीक असलेले गाव टंचाईग्रस्त मानण्याचा प्रघात पडला. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, मातीतील ओलावा, भूजल, पिकांची स्थिती असे निर्देशक पुढे आणले. पैसेवारी मात्र गावोगाव अद्याप जाहीर होते.