चलान रस्त्यावरचं, नोंद कोर्टातली

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीरच्या किल्ल्याचा डोंगर दिसू लागतो. गावाचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी दूरवर माहीत आहे. ड्रायव्हर लोकांच्या तोंडी मात्र सोनगीर येतं ते टोलनाक्यामुळे आणि दोंडाईच्याकडे वळणाऱ्या फाट्यामुळे. हा मुंबई-आग्रा महामार्ग. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, आता ५२. नरडाणा, शिरपूर, पळासनेर करत तो मध्य प्रदेशात उतरतो. धुळ्याच्या एमएच १८, जळगावच्या एमएच १९ आणि नंदुरबारच्या एमएच ३९ गाड्या इथे सेंधवा-इंदूरच्या ट्रकांबरोबर धावतात. कांद्याची पिकअप, कापसाचा आयशर, लग्नाची जीप, शेतावरून परतणारी मोटारसायकल, सगळ्यांचा हा एकच रस्ता.

या रस्त्यावर गाडीचा फोटो निघतो आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. पुढे काय होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. काही जण लगेच पैसे भरून मोकळे होतात. बरेच जण ‘बघू नंतर’ म्हणतात आणि दोन वर्षांनी गाडी विकायला काढली की घाबरतात. चलानाला विजेच्या बिलासारखी थकबाकी समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. खरं तर तो मोटार वाहन कायद्याखालच्या गुन्ह्याचा आरोप आहे. त्याचा शेवट तडजोडीत होतो, नाही तर न्यायालयाच्या नोंदीत. ती नोंद कुठे असते, कशी शोधायची आणि तिच्यावर आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे सोनगीरच्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवं. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही.

जागेवर ‘पावती फाडली’ की काय घडतं, ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० प्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत अधिकृत अधिकारी तडजोड शुल्क घेऊन प्रकरण तिथेच मिटवू शकतो. खटला दाखल होण्याआधीही आणि झाल्यावरही. शुल्क भरलं की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही. पण सगळेच गुन्हे या यादीत बसत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, त्यात नाही. पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, असा तो मामला आहे आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जातो.

पूर्वी हा सारा व्यवहार कार्बन लावलेल्या पावती पुस्तकावर चाले. पोलीस लायसन्स जमा करून घेत, त्याबदल्यात पावती देत आणि तारखेला कोर्टात जाऊन दंड भरला की लायसन्स परत मिळे. त्रास होता, पण प्रकरण कोणत्या कोर्टात आहे हे हातातल्या कागदावर लिहिलेलं असे. आता राज्यभर एकच ई-चलान व्यवस्था आहे. मुंबईतलं, नाशिकचं आणि सोनगीरचं चलान एकाच पोर्टलवर गाडीच्या नंबराखाली दिसतं. पैसे भरायला हे फार सोयीचं झालं. पण स्क्रीनवर दिसणाऱ्या बाकीपुढे कोर्टाचं नाव सहज सापडत नाही, आणि सामान्य माणूस अडतो तो इथेच.

म्हणून पहिला प्रश्न हद्दीचा. गुन्हा जिथे घडला, तिथलं न्यायालय. सोनगीर धुळे तालुक्यात येतं, गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे आणि इथलं प्रकरण धुळ्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं. त्याच रस्त्याने थोडं उत्तरेला गेलं की नरडाणा लागतं, ते शिंदखेडा तालुक्यात. तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. शिंदखेडा आणि शिरपूर, दोन्हीकडे स्वतंत्र न्यायालयं आहेत. एकाच सकाळी एकाच गाडीचे दोन फोटो निघाले तर दोन तालुक्यांत दोन प्रकरणं उभी राहू शकतात. चलानावरचं ठिकाण, तारीख, वेळ, कलम आणि चलान क्रमांक वहीत उतरवून घेणं ही शोधाची पहिली पायरी. कारवाई स्थानिक पोलिसांनी केली, महामार्ग पोलिसांनी की परिवहन विभागाने, तेही पाहावं. तीनही खात्यांचे कागद वेगळ्या टेबलांवर फिरतात.

चलान न भरता राहिलं आणि पोलिसांनी प्रकरण न्यायालयात पाठवलं की ते बहुधा संक्षिप्त खटला म्हणून नोंदवलं जातं. कोर्टाच्या भाषेत ‘एस.सी.सी.’, समरी क्रिमिनल केस. मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच नोंद. संक्षिप्त खटल्यात लांबलचक साक्षीपुरावा लिहिला जात नाही, पण काय लिहायचं ते कायद्याने ठरवून दिलं आहे. अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, तक्रारीची तारीख, तक्रारदाराचं नाव, आरोपीचं व त्याच्या वडिलांचं नाव, पत्ता, कोणता गुन्हा, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा आणि प्रकरण संपल्याची तारीख. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. यातला ‘आरोपीचं म्हणणं’ हा रकाना ज्याला त्याला भरता यावा म्हणूनच सगळा खटाटोप. पोर्टलवर ‘पैसे भरा’चं बटण असतं. कोर्टात न्यायाधीश आधी विचारतात, गुन्हा कबूल आहे का?

कबूल असेल तर धुळ्याची फेरी वाचवण्याची सोयही कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ खाली न्यायालय असं समन्स काढू शकतं की स्वतः या, वकिलामार्फत या, किंवा नोंदणीकृत टपालाने कबुली आणि नमूद केलेली रक्कम पाठवा. तशी कबुली दिली की प्रकरण संपतं आणि केवळ त्या कबुलीमुळे लायसन्स अपात्र ठरत नाही. दिवसाची मजुरी बुडवून, शंभर-दीडशेचं पेट्रोल जाळून कोर्टात येणाऱ्या टेम्पोवाल्याला ही तरतूद कुणी तरी समजावून सांगायला हवी. समन्स हातात देतानाच सांगितली तर उत्तम.

आता प्रत्यक्ष शोध. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर जिल्हा धुळे व न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या क्रमांकाने प्रकरण शोधता येतं. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की पुढची तारीख, आदेश, निकाल, सगळं एका जागी दिसतं. अडचण येते ती नावाच्या स्पेलिंगची. आपल्याकडे नाव इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिलं जातं आणि आरसी बुकावरचं, आधारवरचं आणि पोलिसांनी लिहिलेलं क्वचितच जुळतं. म्हणून आडनाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी, वेगवेगळी वर्षं टाकून पाहावं. तरीही काही आलं नाही, तर प्रकरण अजून कोर्टात पोचलेलंच नसण्याची शक्यता मोठी. मग ज्या ठाण्याने किंवा शाखेने चलान केलं, तिथल्या कोर्टाचं काम पाहणाऱ्या पैरवी अंमलदाराकडे विचारणा करावी. तो जावक क्रमांक बघून सांगू शकतो.

खटला सापडला की रोजनामा पाहावा. कोणत्या तारखेला काय झालं, समन्स बजावलं की परत आलं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. प्रमाणित नक्कल हवी असेल तर कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज द्यायचा. निकाली प्रकरण रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं असतं, त्यामुळे निकालाची तारीख आणि खटला क्रमांक अचूक दिला तर काम लवकर होतं. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही. न्यायालयाच्या कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित निकालात सांगितलं आहे. कोर्टाच्या आवारात ‘मी आणून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याऐवजी नक्कल विभागाच्या खिडकीशी उभं राहावं, पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जमवलेले कागद त्यांच्यामागे जपणारं संशोधन मंडळ ज्या धुळ्यात उभं राहिलं, त्या गावात आपल्या नावाचा एक साधा कागद मागायला कुणाला संकोच वाटू नये.

चलान कबूल नसेल तर काय पाहायचं, याचं उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७-अ या नियमात सापडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला हा नियम कॅमेरे आणि वेगमापक यंत्रांसाठी आहे. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नूतनीकरण केलेलं हवं. देखरेख चालू असल्याचा फलक रस्त्यावर ठळक हवा. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-ब खाली असे, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांना १ जुलै २०२५ पासून वैधमापन खात्याची पडताळणीही लागू झाली आहे. बाजार समितीतल्या तोलकाट्यावर शिक्का मारणारं खातं तेच. शेतकऱ्याला काट्यावरचा शिक्का बघायचा हक्क आहे, तसाच गाडीवाल्याला वेगमापकाचा. पडताळणीचं हे प्रमाणपत्र पोलिसांकडे असतं, आणि त्यासाठी मात्र १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज चालतो.

मुदतीचा मुद्दाही आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने साधारण ६ महिन्यांच्या आत घ्यायची असते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी कारण लागतं. म्हणून चार वर्षांपूर्वीचं चलान अचानक समोर आलं तर आधी तारखा तपासाव्यात. जुलै २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप पुकारला, तेव्हा साचलेल्या दंडाचा राग त्यात होता. तो राग मला रास्त वाटतो. आरोप ताजा असताना माणसाला आठवतं, साक्षीदार सापडतो. काही वर्षांनी आलेल्या आरोपाला उत्तर काय देणार? उलट, हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला होता आणि फोटो स्पष्ट आहे, तर तांत्रिक पळवाट शोधण्यापेक्षा दंड भरावा, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. या महामार्गावर मेलेली माणसं आपल्याच गावांची आहेत.

खानदेशात सर्वांत जास्त गुंता होतो विकलेल्या गाड्यांचा. भाच्याला दिलेली, शालकाने नेलेली, बाजारात रोखीने विकलेली मोटारसायकल, आणि नाव मात्र मूळ मालकाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. ते राहून जातं आणि सगळी चलानं जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतात. अशा वेळी गप्प बसणं सर्वांत घातक. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं ते मालकाने सांगायचं असतं. विक्रीची चिठ्ठी, ताबा पावती, घेणाऱ्याचा लायसन्स क्रमांक हे जोडून लेखी उत्तर द्यावं आणि त्याची पोच घ्यावी.

लोकअदालतीबद्दल दोन गैरसमज पक्के बसले आहेत. पहिला समज, राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी प्रलंबित चलानांबद्दल मेसेज येतात ते समन्सच असतात. ते दाखलपूर्व प्रकरणाचं बोलावणं असतं, समन्स नव्हे. तिथे तडजोड होते, गुन्हा केला की नाही याचा निवाडा होत नाही. ज्याला चलानच मान्य नाही, त्याने तिथे सही करण्याआधी विचार करावा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. दुसरा समज, तिथे आपोआप निम्मी सूट मिळते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जुन्या चलानांवर ५० टक्के सूट दिली होती, ती त्या सरकारची योजना होती. धुळ्यात ती गृहीत धरून जाऊ नये. आणि व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडूच नये. सरकारी चलान तशा फाइलमधून येत नाही, ती बँक खातं रिकामं करणाऱ्यांची युक्ती आहे.

न्यायालयात दंड भरला, किंवा निर्दोष सुटका झाली, तरी पोर्टलवरची बाकी कधी कधी तशीच दिसत राहते. म्हणून कोर्टाची पावती किंवा निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन ती संबंधित वाहतूक शाखेत द्यावी आणि नोंद निकाली झाल्याची खात्री करावी. नाही तर नाव बदलताना, ना-हरकत घेताना तीच बाकी पुन्हा आडवी येते. वकील परवडत नसेल तर धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना महाराष्ट्रात ही मदत मोफत आहे. फोन करायचा तर हेल्पलाइन १५१००.