पहिली कादंबरी, पदरचा पैसा

स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकाचा विषय निघाला की साहित्यरसिकांच्या मुद्रेवर जी सूक्ष्म अनुकंपा उमटते, तिला मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही. छापखानदाराहून आणि पुस्तकविक्रेत्याहून वेगळा असा प्रकाशक आपल्याकडे पुष्कळ उशिरा उदयास आला. तोवर ग्रंथकारानेच कागदाची तजवीज करावी, छापखान्याचे बिल भागवावे आणि प्रती घरात रचून ठेवून ओळखीपाळखीच्या लोकांकरवी त्या खपवाव्यात, हा शिरस्ता सर्रास होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली, ती अवघ्या ५०० प्रतींची आणि नऊ आणे किमतीची. आज ज्या पुस्तकाचा निर्देश केल्यावाचून भारतातील स्त्रीविषयक विचाराचा इतिहास लिहिता येत नाही, त्याची पहिली आवृत्ती आजच्या एखाद्या नवख्या कादंबरीकाराच्या आवृत्तीहून फारशी मोठी नव्हती.

कादंबरीच्या बाबतीत तर पूर्वसूरींनी अधिक व्यवहारचातुर्य दाखवले होते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्या मासिकाचे संपादक स्वतः गुंजीकरच होते; हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ आठवड्यामागून आठवडा त्यातून वाचकांच्या हाती दिली. दोघांनीही कादंबरी छापून मग वाचकाच्या शोधात वणवण केली नाही; वाचक आधी जमवला, त्याची वर्गणी आधी घेतली, आणि त्याच्यासमोर प्रकरणामागून प्रकरण ठेवले. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेही भागभांडवलाच्या आणि आगाऊ ग्राहकांच्या बळावर. या उद्योगाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या १९२७ सालच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे, आणि ग्रंथविक्रीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती अवश्य वाचावी; विद्वानाला ग्राहकाच्या दारात उभे राहण्यात कमीपणा वाटता कामा नये, हे त्या पुस्तकाच्या पानापानांतून जाणवते. अल्प भांडवलावर कादंबरी काढू पाहणाऱ्यास माझे सांगणे एवढेच आहे की, छपाई नंतर, ग्राहक आधी. बाकी सारा तपशील या एका सूत्राभोवती फिरतो.

आता पनवेल तालुक्यातील पळस्पे या गावी राहणारा एखादा लेखक कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. मुंबईहून येणारा रस्ता याच गावाच्या फाट्यावर दुभंगतो. एक वाट घाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी शिरढोण आणि कर्नाळ्यावरून गोव्याकडे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील आणि मुंबईतील दादरच्या पुस्तकपेठा या गावाच्या दोन्ही हातांना एका दिवसाच्या फेरीत येतात; म्हणून नवलेखकाचे मन साहजिकच तिकडे धावते, आणि येथेच त्याचा पहिला हिशेब चुकतो.

समजा, दोनशे पृष्ठांच्या कादंबरीच्या ३०० प्रती काढायच्या आहेत, आणि कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीमागे १०० रुपये पडतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांना आणखी २०,००० रुपये धरले, तर एकूण खर्च ५०,००० रुपयांचा झाला. किंमत ठेवली २५० रुपये. विक्रेता त्यातून शेकडा ४० कापून घेतो, आणि दुकानाचे भाडे, नोकर, विकल्या न जाणाऱ्या प्रतींनी अडवलेली जागा यांचा विचार करता ते अन्यायाचे नाही. पण लेखकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये उरतात. या दराने मुद्दल वसूल होण्यास ३३४ प्रती खपाव्या लागतील, आणि छापल्या आहेत ३००! म्हणजे सारी आवृत्ती दुकानातून संपली, एकही प्रत भेट दिली नाही, विक्रेत्याने पैसेही वेळेवर चुकते केले, असे तिहेरी नवल घडून आले तरी लेखक तोट्यातच राहील. याउलट, प्रकाशनपूर्व सवलतीत २०० रुपये घेऊन दीडशे ग्राहक नोंदवले, तर ३०,००० रुपये, म्हणजे छापखान्याचे संपूर्ण देणे, पुस्तक छापून होण्यापूर्वीच हाती येते. आकडे माझे गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या छापखान्याचे दर घालून हा हिशेब पुन्हा मांडावा, आणि तो मांडल्यावाचून हस्तलिखित छापखान्यात देऊ नये.

हे दीडशे ग्राहक कोठून आणावेत, हा प्रश्न लेखकाच्या विषयानेच बहुतांशी सोडवलेला असतो. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाल्यापासून पनवेल आणि उरण तालुक्यांतील भातखाचरे, मिठागरे आणि गावठाणे यांचे जे झाले, १९८४ साली जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी जमिनीसाठी जो लढा दिला आणि त्यानंतर जमिनीच्या मोबदल्याने घराघरांत जी नवी सुबत्ता आणि नवी भांडणे आणली, त्यावर कोणी येथील माणसाने कादंबरी लिहिली, तर तिचे पहिले वाचक दादरच्या दुकानात कशाला शोधायचे? ते पळस्प्याच्या फाट्यापासून जासईपर्यंत पसरलेले आहेत; शाळेतले माजी विद्यार्थी, पतपेढीचे सभासद, भजनी मंडळे, गावकीच्या बैठका यांतून ते भेटतात. त्यांपैकी पुष्कळांनी गेल्या दहा वर्षांत एकही कादंबरी विकत घेतली नसेल. पण आपल्या वडिलांच्या खाचराची गोष्ट छापली जाते आहे असे कळले, तर दोनशे रुपये ते खुशीने देतील. अर्थात् विषय दूरचा असला तर असा तयार वाचक मिळत नाही, आणि मग क्रमशः प्रकाशनाचा जुना मार्ग उरतो. आपट्यांना साप्ताहिक काढावे लागले. आजच्या लेखकाला ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर प्रकरणे विनाशुल्क ठेवता येतात, आणि कोणत्या प्रकरणाशी वाचक थबकतात, कोठे निघून जातात, हेही तेथे दिसते. दिवाळी अंकात एखादे स्वयंपूर्ण प्रकरण छापून आणता आले तर उत्तमच; काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडलेल्या या प्रथेने आजवर कितीतरी नव्या नावांना वाचकांसमोर आणले आहे.

पैसा खर्च करायचाच तर तो कोठे करावा? माझे मत असे की, सर्वप्रथम मुद्रितशोधनावर. पहिल्या पाच पानांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसल्या की जाणता वाचक पुस्तक मिटतो आणि परीक्षक बाजूला सारतो. आणि लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण तो कागदावर उमटलेले न वाचता मनात असलेले वाचतो. जुन्या टंकात जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे हमखास बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर पुन्हा एक वाचन व्हावयासच हवे. दुसरा खर्च मुखपृष्ठाचा. तिसरा कोणताही नाही. प्रकाशन समारंभ हा तर आपल्याकडील एक विलक्षण व्ययसाध्य विधी होऊन बसला आहे: सभागृहाचे भाडे, निमंत्रणपत्रिका, शाली, श्रीफळे, अध्यक्षांच्या जाण्यायेण्याची सोय आणि शेवटी चहाफराळ, एवढे करून व्यासपीठावरील सहाजण बोलून दमतात आणि समोरचे सत्तरजण एकही प्रत न घेता घरी जातात. त्या रकमेत शंभर प्रती जास्त निघाल्या असत्या. गावच्या वाचनालयात सायंकाळी जमून एका प्रकरणाचे वाचन करावे आणि दाराशी पुस्तके मांडावीत, हे पुरेसे आहे.

लेखकाच्या अज्ञानावर पोट भरणारा एक वर्गही या क्षेत्रात आहे, आणि त्याच्यापासून सावध राहणे इष्ट. नावाला प्रकाशक, परंतु सारा खर्च लेखकाकडून आगाऊ घेणारा. वर पुस्तकाचे हक्कही आपल्याकडे लिहून घेणारा. खर्च लेखकाचा असेल तर हक्कही लेखकाकडेच राहावेत. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये लेखकाचा स्वामित्वहक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्यास द्यायचा तर लेखी करारनामा आवश्यक असतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच मानले जाते. पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय मानक क्रमांकासाठी, ज्याला सारेजण आयएसबीएन म्हणतात, हजारो रुपये मागणारेही भेटतात. वस्तुतः केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरण तो विनामूल्य देते, आणि लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. छापून झाल्यावर १९५४च्या कायद्यान्वये तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने धाडावी लागते. या कामी हयगय करणारे पुष्कळ आहेत. पण घरातल्या प्रतींना वाळवी लागली तरी आपले पुस्तक कोठेतरी शाबूत राहील, एवढे आश्वासन चार प्रतींच्या मोलाने मिळत असेल तर तो सौदा स्वस्तातला म्हणावा.

सार्वजनिक ग्रंथालये हा महाराष्ट्रातील लेखकाला लाभलेला खरा आधार आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानपात्र ठरलेली दहा हजारांहून अधिक वाचनालये राज्यात आहेत, पनवेलचे के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय हे आपल्या लेखकाच्या अगदी उंबऱ्यावरचे. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीत पुस्तक आले तर खरेदीचा मार्ग सुकर होतो, म्हणून त्या यादीसाठी मुदतीत प्रती सादर कराव्यात. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एखादे टेबल मिळवावे. खर्चाचा भार हलका करणारी वाट मात्र छपाईपूर्वीच चोखाळावी लागते. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते, परंतु ते हस्तलिखित मागवते. पुस्तक छापून बसलेल्यास तेथे जागा नाही. छापून झालेल्यांसाठी राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीचा स्वतंत्र विभाग असून त्याला श्री. ना. पेंडशांचे नाव दिलेले आहे.

टपालाची गोष्ट थोडक्यात. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली; ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. नियमांत व्यापारी स्वरूपाच्या मजकुराला मज्जाव आहे, तेव्हा आपले पुस्तक त्यात बसते की नाही, हे पोस्टात आधी विचारून घ्यावे. डिजिटल आवृत्ती जरूर काढावी. किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठीला स्थान आहे, बुकगंगेवर छापील आणि डिजिटल दोन्ही प्रकार विकले जातात, आणि परदेशी असलेल्या मराठी वाचकाला तेवढीच वाट सोयीची असते. पण तिच्यावर मुद्दल वसुलीची भिस्त ठेवू नये.

आणि घाई करू नये. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ मध्ये मौजेसारख्या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने काढली. तिची पहिली आवृत्ती संपायला पाव शतकाहून अधिक काळ लागला, असे नगरकर स्वतः सांगत. नामवंत प्रकाशकाचे पाठबळ असलेल्या आणि आज श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या कादंबरीची ही कथा. म्हणून पहिल्या वर्षी शंभर-सव्वाशे प्रती उरल्या तर निराश होण्याचे कारण नाही. मात्र त्या उरतील हे धरूनच आवृत्तीचा आकडा ठरवावा. आजच्या डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. प्रतीमागे दर थोडा चढा पडतो, पण पलंगाखाली पैसे अडकून राहत नाहीत. विक्रेत्याकडे ठेवलेल्या प्रतींची पोच लेखी घ्यावी, वही घालून तारीखवार जमाखर्च मांडावा, आणि तीन महिन्यांनी हिशेब मागण्यास संकोच करू नये. मराठी लेखक मागत नाही, म्हणूनच त्याला मिळत नाही.

शेवटी वाचकांस एक विनंती. आपल्या गावातील, नात्यातील वा कचेरीतील कोणी पहिली कादंबरी काढली, तर ‘आम्हांला एक प्रत द्या की’ असे प्रेमाने म्हणण्याची आपली जी रीत आहे, ती सोडावी आणि पूर्ण किमतीस ती विकत घ्यावी. तीनशेंतील पन्नास प्रती अशा प्रेमात गेल्या, तर दुसरी कादंबरी छापायला त्याच्याजवळ पैसे उरत नाहीत.