गाडी किती कलली, आणि किती उरली?

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी चाटच्या गाड्या लागल्या की फ्रीगंजातली निम्मी तरुण मंडळी तिथेच भेटतात. गेल्या महिन्यात माझा भाचा तिथे आपली थार घेऊन आला. टपावर कॅरिअर, त्यावर तंबू, पाण्याचे दोन मोठे कॅन आणि एक जादा चाक. रविवारी चार मित्र मिळून महूपुढे जाम दरवाज्याकडे, विंध्याच्या उतारांवर गाडी घालणार होते.

"मामा, हे बघा," तो पडदा दाखवत म्हणाला. "गाडी बाजूला किती अंश कलली ते इथे दिसतं. पंचेचाळीसपर्यंत भीती नाही म्हणतात."

मला आमच्या शेताचा बांध आठवला. मी चोवीस वर्षांचा होतो. जीपच्या टपावर सोयाबीनची चार पोती, शेजारी धाकटा भाऊ. उतारावरून आडवं जाताना खालच्या बाजूचं चाक काळ्या मातीत रुतलं आणि गाडी हळूच कुशीवर गेली. भावाचा हात खांद्यापाशी मोडला. त्या वाटेने मी रोज जायचो. उतार तोच होता, टपावरची पोती तेवढी नवी होती.

भाच्याला हे लगेच सांगवेना. चाटवाल्याकडून काडेपेटी मागून घेतली. ती प्लेटवर आडवी ठेवली, घसरू नये म्हणून खालच्या कडेला बोट लावलं आणि प्लेट तिरकी केली. बरीच तिरकी होईपर्यंत पेटी हलली नाही. मग तीच पेटी उभी ठेवली, तर जराशा कलण्याने आडवी झाली. पेटी तीच, वजनही तेच. फक्त वजनाचा मध्य वर गेला.

गाडीचंही असंच आहे. सगळ्या वजनाचा मध्य ज्या बिंदूत धरता येतो, तो गुरुत्वमध्य. तिथून गवंड्याचा ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. दोरी खालच्या बाजूच्या चाकांच्या आत पडते तोवर गाडी उभी राहते. बाहेर गेली की उलटते.

हिशेब सोपा आहे. डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराचा निम्मा घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. समजा, चाकांत 150 सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटर उंच आहे. उत्तर येतं 1, म्हणजे 45 अंश. टपावर सामान चढवून तो मध्य 90 सेंटिमीटरवर नेला, की तीच गाडी 40 अंशांवरच उलटते.

अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था याच भागाकारावरून गाड्यांचा उलटण्याचा धोका ठरवते. साध्या मोटारींचा आकडा बहुधा 1.3 ते 1.5 असतो, उंच एसयूव्हींचा 1 ते 1.3. म्हणजे डोंगर चढायला घेतलेली उंच गाडीच लवकर उलटणारी. लंडनच्या दुमजली बसची परीक्षा घेताना वरच्या मजल्यावर प्रवाशांइतकं वजन ठेवून ती 28 अंश कलवून पाहतात. वजन वर असताना काय होईल, हाच तिथेही प्रश्न.

"मग माझे चाळीस तरी आहेत ना?" भाचा म्हणाला.

तेही नाहीत. हा हिशेब कडक, न हलणाऱ्या गाडीचा. खरी गाडी कलते तेव्हा खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, टायर चेपतो, मध्य आणखी बाहेर सरकतो. त्यात वरचं चाक दगडावर चढलं किंवा खालचं मऊ मातीत रुतलं, की एका क्षणात काही अंश गेलेच.

वेगाचं तर निराळंच. सपाट रस्त्यावर 20 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 40 किलोमीटरने घेतलं, तर गाडीवर 32 अंशांच्या उतारावर आडवं उभं राहण्याइतका ताण येतो. वेग दुप्पट केला की तो जोर चौपट होतो. म्हणून उंच गाड्या डोंगरातच नाही, टावरला वळसा घालतानाही जपून चालवायच्या.

पडदा गाडी किती कलली ते सांगतो. किती उरलं ते सांगत नाही. ते टपावरच्या सामानाने, मातीने आणि आपल्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरने ठरतं.

म्हणून जड सामान खाली, आत, बांधून. उतार शक्यतो सरळ चढायचा, सरळ उतरायचा; आडवं जायचं नाही. चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी वळवायची नाही, रिव्हर्समध्ये सरळ मागे यायचं. आडवं असताना गाडी घसरू लागली, तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवायचं. आणि सीटबेल्ट प्रत्येकाने, मागच्यांनीसुद्धा. उलटणाऱ्या गाडीतून बाहेर फेकलं जाणं सर्वांत घातक.

भाचा थोडा वेळ काडेपेटीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "हे सगळं तुम्हाला इतकं कसं ठाऊक?"

तेव्हा मी बांधाची गोष्ट सांगितली. धाकट्या मामाचा उजवा हात डोक्याच्या वर का जात नाही, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मीच सांगू दिलं नव्हतं.

तो काही बोलला नाही. उठून टपावर चढला आणि पाण्याचे कॅन सोडवू लागला. खालून ते मी धरले.