गेमिंगवरचे तुमचे प्रश्न पाठवा, सुरतकर!

मंडळी, आमच्या मराठी गेमिंग पॉडकास्टचा पुढचा भाग खास तुमच्या प्रश्नांसाठी. लिंबायत, उधना, डिंडोली, कुठूनही विचारा. अहिराणीत विचारलंत तर आणखी मजा!

काय विचारता येईल?

🎮 बंदी आणि कायदा: मार्च 2019 मध्ये सुरतेत पब्जीवर बंदीचा आदेश निघाला. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाइल देशभर बंद झाली आणि जुलै 2021 मध्ये तिची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि ई-स्पोर्ट्स वेगळे मानले. मुलांना खेळू द्यावं का, असा प्रश्न पडलेल्या आई-बाबांनीही जरूर लिहा.

🎮 आपले गेम: ‘राजी’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. भावाला शोधत असुरांशी लढणारी मुलगी त्याची नायिका. गेम बनवायला काय शिकावं, हेही विचारा.

🎮 तांत्रिक अडचणी: ‘गेम अडकतो’ एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, रॅम, ग्राफिक्स सेटिंग आणि पिंग (नेटवर्कचा विलंब) कळवा. 60 एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम असताना, फोनला प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. पिंग कमी असूनही चित्र अडखळत असेल, तर आधी फोन तापतोय का ते बघा.

व्हॉइस नोट अर्ध्या मिनिटाची ठेवा, पंखा बंद करून बोला, नाव आणि भाग सांगा. नवशिक्यांनो, तुमचे प्रश्न आधी घेणार. पाठवा बिनधास्त!

#मराठीगेमिंग #सुरतकर