लाटा तळघरात उतरतात कशा?

ताशी तीनशे किलोमीटरपेक्षाही जोरात वारा येतोय असं कळलं, तर तुम्ही कुठे लपाल? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या मुलांना उत्तर पाठ असतं. सायरन वाजला की जिना उतरायचा आणि तळघर गाठायचं. तिथल्या सपाट माळरानावर वसंत ऋतूत टोर्नेडो येतात. 4 मे 2007 च्या रात्री तर ग्रीन्सबर्ग नावाच्या छोट्या गावावर पावणेतीन किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो चालून आला. जवळजवळ सगळं गाव भुईसपाट झालं, पण बहुतेक माणसं वाचली. वीसेक मिनिटं आधी इशारा मिळाला होता आणि ती तळघरात जाऊन बसली होती.

पण तळघरात बसलं की बाहेरचं काहीच कळत नाही. टोर्नेडो कुठवर आला? गेला म्हणावं, तर मागून दुसरा येतोय का? मोबाइलचा टॉवर पडलेला असू शकतो, नाहीतर सगळे एकदम फोन लावतात म्हणून नेटवर्क मिळत नाही. केबलची तार तुटते. मुसळधार पावसात डिशवरचं चित्र जातं. अशा वेळी कामाला येतं ते मनोऱ्यावरून रेडिओ लाटांनी हवेतून येणारं टीव्ही प्रक्षेपण. मला त्याचं फार कौतुक वाटतं. ते दहा घरांनी पाहिलं काय नि दहा लाख घरांनी पाहिलं काय, लाटा कमी पडत नाहीत!

मग अडतं कुठे? तळघरातच. ओली माती या लाटा शोषून घेते. काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी सळ्यांची जाळी असेल, तर ती त्यांना आणखी अडवते. धातू लाटा कशा अडवतो ते घरीच बघा. छोटा बॅटरीवरचा रेडिओ लावा, त्याची अँटेना आत ढकला आणि तो अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सगळीकडून घट्ट गुंडाळा. स्टेशन गप्प होईल, नुसती खरखर उरेल. आता फॉइल एका बाजूने उघडा. आवाज परत आला ना? लाटेला आत शिरायला वाट मिळाली.

तळघरालाही अशी वाट असते. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी असतात आणि कोरड्या लाकडातून लाटा बऱ्यापैकी आरपार जातात. शिवाय तळघराच्या भिंतीचा वरचा थोडा भाग जमिनीच्या वर असतो. तिथेच छताला लागून एखादी बुटकी खिडकी असते. म्हणून अँटेना टीव्हीवर न ठेवता त्या खिडकीपाशी, मनोऱ्याच्या दिशेने लावायची. खिडकीला धातूची जाळी असेल तर जागा बदलायची. माणसांनी मात्र वादळात काचेपासून लांबच बसायचं. अँटेना खिडकीत, आपण आतल्या कोपऱ्यात, आणि मध्ये लांब केबल.

अँटेनाची लांबीही अशीतशी ठरत नाही. 600 मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी असते 50 सेंटिमीटर. ती नीट पकडायला तिच्या निम्मी, म्हणजे 25 सेंटिमीटरची दांडी पुरते. 200 मेगाहर्ट्झची लाट दीड मीटर लांब असते, तिला पाऊण मीटरची दांडी हवी. तुमच्या पट्टीने मोजून बघा, केवढा फरक आहे!

त्याहून चांगली युक्ती म्हणजे अँटेना खाली आणायचीच नाही. ती माळ्यावर किंवा छपरावर ठेवायची आणि फक्त केबल तळघरात उतरवायची. लांब केबलमध्ये संदेश क्षीण होतो, म्हणून त्याला बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर वरच, अँटेनाजवळ बसवतात. खाली बसवला तर तो संदेशाबरोबर खरखरही मोठी करतो. छपरावरच्या अँटेनाला अर्थिंग हवंच, आणि ते काम जाणकार मोठ्यांचं.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात गच्चीगच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना असायची. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी शास्त्रज्ञांची ती देणगी. ‘‘आलं का?’’ ‘‘आलं, आलं... गेलं!’’ हा गच्ची आणि दिवाणखाना यांच्यातला संवाद आजीआजोबांना नक्की आठवत असेल. तेव्हा संदेश कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी चेहरा ओळखू यायचा. डिजिटल टीव्हीचं तसं नसतं. संदेश पुरेसा असेपर्यंत चित्र लख्ख, थोडा कमी पडला की चौकोन चौकोन, आणि मग एकदम काळा पडदा. अमेरिकेतली मोठी केंद्रं 12 जून 2009 ला डिजिटल झाली. त्या दिवशी वादळासाठी जपून ठेवलेले किती तरी बॅटरीवरचे छोटे टीव्ही, डिजिटल संदेश त्यांना समजेल असा करून देणाऱ्या वेगळ्या डब्याशिवाय, निरुपयोगी ठरले.

म्हणून आकाश निरभ्र असतानाच तयारी करायची. टीव्ही तळघरात न्यायचा, चॅनेल शोधून ठेवायची, अँटेना हातभर इकडे, हातभर तिकडे सरकवून पडद्यावरचा सिग्नलचा आकडा बघायचा. विजेशिवाय टीव्ही चालेल का, तेही तपासायचं.

शिवाय हवामान रेडिओही जवळ ठेवायचा. अमेरिकेत त्याचं प्रक्षेपण 162 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सात वारंवारतांवर, जुन्या एफएम पद्धतीने होतं. त्यामुळे संदेश क्षीण झाला तर आवाजात खरखर येते, पण शब्द कळतात. आपल्या भागाचा सांकेतिक क्रमांक त्यात एकदा भरून ठेवला, की रात्री सगळे झोपलेले असताना तो आपल्याच भागाच्या इशाऱ्याला मोठ्याने वाजतो, शेजारच्या जिल्ह्याच्या नाही.